मक्यातलं अफ्लाटॉक्सिन तपासायची स्ट्रिप: घ्यावी का, आणि घेतली तर पैसे कशात घालावेत

आमच्या शेतकरी कंपनीत मक्याची खरेदी मी बघतो आणि गेले काही हंगाम आम्ही गोदामावरच अफ्लाटॉक्सिनची, म्हणजे बुरशीच्या विषाची, स्ट्रिप टेस्ट करतोय. बरेच गट फोन करून विचारतात की घ्यावी का, तर माझं उत्तर: नक्की घ्या, माझ्याकडून पाचपैकी चार स्टार. पण बहुतेक जण सगळा पैसा रीडरवर, म्हणजे स्ट्रिप वाचून आकडा देणाऱ्या यंत्रावर, घालतात आणि दळायच्या यंत्राचा विचारच करत नाहीत, आणि तिथेच सगळं फसतं.

आधी याची गरज का ते सांगतो. परतीचा पाऊस सोंगणीत गाठतो, कणसं ओली राहतात, त्यावर बुरशी धरते आणि ती अफ्लाटॉक्सिन सोडते. दाणा वरून पिवळाधमक दिसला तरी आत विष असू शकतं, त्याला वास नाही, चव नाही, आणि भाकरी भाजून ते जात नाही. १९७४ मध्ये राजस्थानातल्या बांसवाडा आणि गुजरातेतल्या पंचमहाल भागात असलाच बुरशी लागलेला मका खाऊन लोकांची लिव्हर गेली, शंभरावर माणसं मेली. म्हणून नुसतं डोळ्यांनी बघून माल घ्यायचं आम्ही बंद केलं.

आता टेस्ट कशी असते. दळलेला मका तोलून घ्यायचा, कंपनीने सांगितलेल्या द्रावणात हलवायचा, गाळायचा, त्याचे मोजून थेंब घ्यायचे आणि त्यात स्ट्रिप उभी करायची, पाच-दहा मिनिटांत रिझल्ट. काही किटना मिथेनॉल किंवा इथेनॉल लागतं, काही पाण्यावर चालतात, आणि गोदामात काम करणाऱ्या पोरांचा विचार केला तर मी डोळे झाकून पाण्यावरचं किट घ्या म्हणेन. मिथेनॉल विषारी आहे आणि इथेनॉलला परवान्याची कटकट.

स्ट्रिपवर दोन रेघा येतात. कंट्रोलची रेघ आलीच पाहिजे, नाहीतर ती स्ट्रिप फेकायची. दुसरी टेस्टची रेघ मात्र उलटी चालते, विष जितकं जास्त तितकी ती फिकी. ठळक दोन रेघा म्हणजे माल चांगला! नवीन माणूस हमखास याच्या उलट वाचतो, म्हणून आम्ही भिंतीवर मोठ्या अक्षरात लिहून ठेवलंय. रीडर असेल तर तो रेघेची गडदता मोजून सरळ पीपीबीत (अब्ज भागांत किती भाग विष) आकडा देतो.

आकड्यांचं पण बघून घ्या. आपल्याकडे एफएसएसएआयची (देशाची अन्नसुरक्षा बघणारी सरकारी संस्था) मर्यादा धान्याला १५ पीपीबी आहे, युरोपला पाठवायच्या खाण्याच्या धान्यात एकूण ४ आणि त्यातलं बी-१ (अफ्लाटॉक्सिनचा सगळ्यात विषारी प्रकार) फक्त २. त्यामुळे २० च्या कटऑफची हो-नाही सांगणारी स्ट्रिप एक्स्पोर्टवाल्याच्या काहीच उपयोगाची नाही, घेताना रेंज विचारा.

आता मुख्य मुद्दा, नमुना. विष सगळ्या दाण्यांत सारखं पसरलेलं नसतं, थोड्याच दाण्यांत प्रचंड असतं. मक्याच्या एका दाण्यात चार लाख पीपीबीपेक्षा जास्त सापडल्याची नोंद आहे. दाणा ०.३ ग्रॅमचा धरा, असा एकच दाणा पाच किलोत आला तर अख्खा नमुना २४ पीपीबीवर जातो! मग वरच्या कट्ट्यातून एक मूठ उचलून टेस्ट केली तर काय कळणार? तो दाणा मुठीत आला तर चांगला माल नापास, नाही आला तर खराब माल पास, आणि दोष स्ट्रिपला. आम्ही गाडीच्या वर-मध्ये-खाली, वेगवेगळ्या कट्ट्यांत लोखंडी नळी खुपसून निदान पाच किलो काढतो, ते सगळंच्या सगळं बारीक रव्यासारखं दळतो, नीट कालवतो आणि मग त्यातले टेस्टपुरते ग्रॅम घेतो. दोन नमुन्यांच्या मध्ये यंत्र साफ करायचं, नाहीतर आधीच्याचं विष पुढच्यात जातं. हे सगळं शेतकऱ्यासमोर करा ही माझी कळकळीची विनंती. "दादा दाणा तर एक नंबर आहे की" असं म्हणणारा माणूस स्वतः रेघ बघतो तेव्हा वाद होत नाही, आणि त्याला पटलंच नाही तर त्याच दळलेल्या नमुन्यातला अर्धा सीलबंद करून लॅबला पाठवायचा.

एक स्टार कशाला कापला तर, एका पुरवठादाराने (नाव लिहीत नाही) भर मे महिन्यात स्ट्रिपा साध्या खोक्यात कुरियरने पाठवल्या, त्यातल्या कितीतरींची कंट्रोलची रेघच उठेना आणि बदलून घेताना फार त्रास झाला. पाकिटावरचं साठवणीचं तापमान वाचा, फ्रीजवाली असेल तर बाहेर काढून खोलीच्या तापमानाला आल्यावरच पाकीट फोडा. शिवाय मक्यासाठीची स्ट्रिप सरकी पेंडीला जशीच्या तशी लावू नका, आकडा चुकतो, त्या मालासाठी किट तपासलेलं आहे का ते लेखी मागा. आणि एक स्ट्रिप म्हणजे एकच विष. १९९५ मध्ये दख्खनच्या पठारावर, आंध्र आणि कर्नाटकातल्या गावांत पावसात भिजलेली ज्वारी-मका खाऊन लोकांना पोटदुखी आणि जुलाब झाले, ते फ्युमोनिसिन नावाचं बुरशीचं दुसरं विष होतं, अफ्लाची स्ट्रिप ते पकडत नाही.

स्वस्त म्हणून काळ्या उजेडाचा (यूव्ही) दिवा घ्यायचा विचार असेल तर नको, त्यात हिरवट-पिवळं चमकतं ते अफ्लाटॉक्सिन नसतंच, बुरशीचं दुसरंच काहीतरी असतं, त्यावरून फक्त शंका घेता येते. हैदराबादजवळच्या इक्रिसॅट या शेती संशोधन संस्थेने २०१६ मध्ये दोन डॉलरच्या आतली स्ट्रिप दाखवली होती, तसलं काही गावपातळीवर सहज मिळायला लागलं तर फार मोठं काम होईल.

दूधवाल्यांनो, हे तुमच्यासाठी पण आहे. गाईने खाल्लेल्या खाद्यातलं अफ्ला दुधात एम-१ या रूपात उतरतं. एफएसएसएआयच्या २०१८ च्या दूध सर्वेक्षणात ६४३२ पैकी ३६८ नमुने एम-१ च्या मर्यादेबाहेर निघाले होते, त्यामुळे संघांनी दुधाइतकंच पेंडीकडे आणि मका भरड्याकडे लक्ष द्यावं.

डेमोला विक्रेत्याने आणलेला नमुना वापरू देऊ नका, आपल्याच गोदामातला पाच किलो मका पुढे करा, आणि त्याच पिठाचा लॅबचा एचपीएलसी (यंत्रावर केलेली अचूक तपासणी) रिपोर्ट आल्यावर आकडे ताडून मगच ऑर्डर द्या.