पॅलाडिन टँक: वॉरक्राफ्टमधला घ्यावा की फायनल फँटसी 14 मधला?

टँकच व्हायचं, म्हणजे शत्रूंचा मार स्वतःवर झेलून गटाला वाचवायचं, आणि तोही पॅलाडिन, इतकं पक्कं झालं की बहुतेकांची गाडी दोन ऑनलाइन गेम्सवरच्या पुढच्या प्रश्नावर अडते: वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्टमधला प्रोटेक्शन पॅलाडिन घ्यायचा, की फायनल फँटसी 14 मधला? वर्णन वाचून निवड होत नाही, कारण दोन्ही वर्णनं सारखीच वाटतात. जड चिलखत, ढाल, पवित्र प्रकाशाची मंत्रविद्या, जोडीदारांना बरं करायची थोडी ताकद, आणि काही सेकंद कशालाच दाद न देणारं एक हुकमी अस्त्र.

प्रत्यक्ष खेळताना मात्र हे दोघे फार वेगळे आहेत. वॉरक्राफ्टचा पॅलाडिन घोळ झाला की तो सावरण्यात उठून दिसतो. फायनल फँटसीचा पॅलाडिन मार कधी येणार हे ओळखून त्याच्या आधी तयार असतो. तुम्हाला यातलं काय जास्त आवडतं, यावर निवड करावी असं माझं ठाम मत आहे. ग्राफिक्स, कथा, मित्र कुठे खेळतात वगैरे गोष्टी महत्त्वाच्या आहेतच, पण टँकची भूमिका महिनोन्‌महिने निभवायची तर हातांना काय आवडतं ते आधी पाहावं.

वॉरक्राफ्ट: धावपळीतला रक्षक

एक साधा पुल, म्हणजे शत्रूंचा घोळका अंगावर ओढून घेणं, डोळ्यांसमोर आणा. समोर पाच मॉब्ज (संगणकाने चालवलेले शत्रू) आहेत, त्यातले दोन मागे उभे राहून मंत्र टाकणारे. योद्धे आपणहून तुमच्याकडे धावत येतात, पण मंत्रवाले जागचे हलत नाहीत आणि तुमचा घोळका दोन ठिकाणी फाटतो. इथे अ‍ॅव्हेंजर्स शील्ड कामाला येते. ढाल फेकली की ती एकावरून दुसऱ्यावर उसळत तिघांना लागते आणि मंत्र तोडून थोडा वेळ त्यांची बोलतीच बंद करते. मंत्र टाकता येईना म्हटल्यावर मागचे दोघे मुकाट तुमच्या अंगावर चालून येतात. तुम्ही पायाखाली कॉन्सिक्रेशनचं वर्तुळ टाकलेलं असतं, सगळे त्यात येऊन उभे राहतात, डीपीएसवाल्यांना, म्हणजे मारा करणाऱ्या जोडीदारांना, एकगठ्ठा निशाणा मिळतो. टँकिंगमधलं इतकं समाधान देणारं दृश्य मी दुसऱ्या कुठल्याच क्लासमध्ये (पात्रप्रकारात) पाहिलेलं नाही.

त्या कॉन्सिक्रेशनच्या वर्तुळात उभं राहिल्याने तुम्हाला बसणारा मारही कमी होतो. म्हणून जागा सोडताना दरवेळी विचार करावा लागतो. दुसरीकडे जजमेंट, हातोडा वगैरे वापरून होली पॉवर जमवायची असते. ती जास्तीत जास्त पाच साठते, आणि तीन झाली की शील्ड ऑफ द राइटियस टाकता येते, जी साडेचार सेकंद चिलखत घट्ट करते. हीच तीन होली पॉवर वर्ड ऑफ ग्लोरीत घालून स्वतःला किंवा जोडीदाराला बरं करता येतं. ढाल की उपचार, हा निर्णय लढाईभर चालू राहतो. त्यातच ग्लोबल कूलडाऊन (एका अस्त्रानंतर दुसरं वापरण्याआधीची सक्तीची थांब) दीड सेकंदाचा, आणि हेस्ट (पात्राचा वेग) वाढला की तो आणखी आखडतो. बोटांना उसंत नसते.

पण या पॅलाडिनची खरी श्रीमंती दुसऱ्यांना वाचवण्यात आहे. हीलरचा जीव टोकाला आला तर ले ऑन हँड्सने तो एका फटक्यात पूर्ण भरतो. एखाद्या डीपीएसने अ‍ॅग्रो ओढून घेतला, म्हणजे शत्रूचं लक्ष स्वतःकडे वळवलं, तर ब्लेसिंग ऑफ प्रोटेक्शन दिली की शारीरिक हल्ले त्याला लागत नाहीत आणि मॉब्ज त्याचा नाद सोडतात. ब्लेसिंग ऑफ सॅक्रिफाइसने दुसऱ्याच्या वाट्याचा काही मार स्वतःवर घेता येतो. इंटरसेशनने तर लढाई चालू असताना पडलेल्या जोडीदाराला उठवता येतं.

दोन गोष्टींची मात्र आधीच सवय करून घ्यावी लागते. डिव्हाइन शील्ड, ले ऑन हँड्स आणि ब्लेसिंग ऑफ प्रोटेक्शन यातलं काहीही ज्याच्यावर पडतं त्याच्यावर 30 सेकंद फॉरबेरन्स बसतो, आणि तो असेपर्यंत त्याच्यावर या तिघांतलं दुसरं काही टाकता येत नाही. दुसरी गोष्ट, डिव्हाइन शील्डमध्ये तुम्ही आठ सेकंद सुरक्षित असता खरे, पण तुम्हाला इजाच होत नाही म्हटल्यावर शत्रू दुसऱ्याकडे वळतात. फायनल स्टँड हे टॅलेंट घेतलं असेल तर ते तुमच्याकडेच राहतात. नसेल तर तुमच्या डिव्हाइन शील्डचा भुर्दंड हीलरला बसतो.

फायनल फँटसी 14: वेळ ओळखणारा रक्षक

इथे ग्लोबल कूलडाऊन अडीच सेकंदांचा. पहिल्या तासाभरात सगळं संथ वाटतं. पण त्या मोकळ्या वेळात पाहण्यासारखं बरंच असतं: बॉसचा कास्ट बार (त्याचा पुढचा हल्ला केव्हा पडणार ते दाखवणारी पट्टी), जमिनीवरच्या खुणा, दुसऱ्या टँकची जागा. बॉसचे हल्ले ठरलेल्या क्रमाने येतात. टँकबस्टर (टँकवरचा जबर हल्ला) केव्हा येणार हे लढाई शिकलेल्याला माहीत असतं. प्रश्न इतकाच उरतो, त्या क्षणी तुमच्याकडे काय शिल्लक आहे?

स्वतःला बसणारा मार कमी करणाऱ्या होली शेल्ट्रॉनसाठी ओथ गेजमधले (शक्ती साठवणाऱ्या पट्टीतले) 50 लागतात, आणि गेज भरतो तो ऑटो-अटॅकने, म्हणजे आपोआप होणाऱ्या वारांनी. म्हणजे बॉसपासून लांब राहिलात, किंवा बॉसच मैदानातून गायब झाला, तर गेज वाढत नाही. दुसऱ्याला जपणारी इंटरव्हेन्शन आणि कव्हर ही अस्त्रंही याच गेजवर चालतात, त्यामुळे स्वतःला जपायचं की दुसऱ्याला, हा हिशेब इथेही आहे. फरक एवढाच की तो दहा-पंधरा सेकंद आधी करायचा असतो.

सगळ्या गटाला कवच देणारं डिव्हाइन व्हेल आहे, आणि पॅसेज ऑफ आर्म्स आहे. त्यात पाठीवर प्रकाशाचे पंख उघडतात आणि मागे उभ्या असलेल्यांना कमी मार बसतो. मात्र ते चालू असताना हललात किंवा दुसरं काही दाबलंत की ते तुटतं.

हॅलोड ग्राउंडबद्दल थोडं सविस्तर सांगतो, कारण फायनल फँटसीत पॅलाडिन घेण्याचं ते एक मोठं कारण आहे. या गेममध्ये चार टँक आहेत आणि प्रत्येकाकडे मरण टाळायचं एक अस्त्र आहे. वॉरियरचं होल्मगँग जीव एकाखाली जाऊ देत नाही, पण मार लागतोच. गनब्रेकरचं सुपरबोलाइड वापरताक्षणी निम्मा जीव कापतं. डार्क नाइटच्या लिव्हिंग डेडलाही त्याच्या अटी आहेत. हॅलोड ग्राउंडला अशी कुठलीच मेख नाही. दहा सेकंद जवळजवळ काहीच लागत नाही आणि हीलरला धडकी भरत नाही. मोबदल्यात ते परत यायला 7 मिनिटं लागतात, चौघांत सगळ्यात जास्त. होल्मगँग 4 मिनिटांत परत येतं. हॅलोड ग्राउंड किंचित आधी दाबावं, कारण बटण आणि परिणाम यांच्यात क्षणभराचं अंतर पडतं. डंजनमध्ये (छोट्या गटाने पार करायच्या, शत्रूंनी भरलेल्या जागेत) ते राखून ठेवू नका. पहिल्या मोठ्या पुललाच वापरलंत तर हीलरही दहा सेकंद नुसते हल्ले करू शकतो.

क्लेमन्सी हा उपचारमंत्र नव्या पॅलाडिनला भुरळ घालतो. हीलर जिवंत असताना तो टाकणं म्हणजे स्वतःचा एक हल्ला वाया घालवणं. हीलर पडल्यावर मात्र याच मंत्राच्या जोरावर बॉस संपवता येतो.

डंजनमध्ये पुढे कोण चालतं

दोन्हीकडे टँकच पुढे असतो, पण जबाबदारी सारखी नाही. फायनल फँटसीची डंजनं बहुतेक सरळ वाटेची. मॉब्जचे दोन घोळके ओढले की समोर अडथळा येतो आणि तिथेच लढायचं. आयर्न विल (शत्रूंचं लक्ष टँककडे ओढणारी अवस्था) चालू ठेवून घोळक्यावर वार करत राहिलात की अ‍ॅग्रोची चिंता जवळपास मिटते. चार जणांचा गट, त्यात एक टँक. आठ जणांच्या लढायांत दुसरा टँक सोबत असतो, आणि चूक झाली तर तो प्रोव्होक मारून बॉस घेतो.

वॉरक्राफ्टच्या मिथिक प्लसमध्ये, म्हणजे डंजनच्या अवघड प्रकारात, घड्याळ चालू असतं. पाच जणांत टँक एकटाच, आणि कुठला घोळका घ्यायचा, कुठला टाळायचा, ठरावीक टक्के मॉब्ज कसे भरायचे, हा सगळा रस्ता त्यालाच पाठ असावा लागतो. इंटरप्ट (मंत्र तोडणारा वार) कोणावर टाकायचा हेही पाहायचं. अनोळखी लोकांसोबत हे करताना दडपण येतं आणि वाट चुकली की बोल टँकलाच लागतात. ज्यांना मनातून पुढारपण आवडतं त्यांना हेच सगळ्यात जास्त भावतं.

पात्र आणि गिअर

वॉरक्राफ्टमध्ये पॅलाडिन म्हणजे एकात तीन. त्याच पात्रावर प्रोटेक्शनमधून हीलरचा होली किंवा मारणारा रेट्रिब्युशन होता येतं, आणि चिलखत बरंचसं तेच चालतं. वंशाचं बंधन मात्र आहे. 2007 सालच्या बर्निंग क्रुसेड या विस्तारापर्यंत होर्डला (गेममधल्या दोन पक्षांपैकी एकाला) पॅलाडिन मिळतच नव्हता, आज दोन्हीकडे पर्याय आहेत. क्लासिकमधल्या (गेमच्या जुन्या आवृत्तीतल्या) सुरुवातीच्या काळातल्या पॅलाडिनकडे टाँटही, म्हणजे शत्रूला स्वतःकडे वळवणारं अस्त्रही, नाही. टँक म्हणून पहिलं पात्र तिथे करू नये.

फायनल फँटसीत कुठल्याही वंशाला कुठलंही काम (म्हणजे पॅलाडिनसारखी भूमिका) करता येतं, आणि एकाच पात्रावर सगळी कामं शिकता येतात. सुरुवात उल्दाह शहरातल्या ग्लॅडिएटरपासून, 30 व्या लेव्हलला पॅलाडिन. चिलखत चारही टँकांचं सामाईक असतं, त्यामुळे पुढे वॉरियर करून पाहावासा वाटला तर लेव्हल वाढवावी लागते, पण गिअरपैकी फक्त शस्त्र नवं लागतं. एक खटकणारी गोष्ट आहे: खालच्या लेव्हलच्या डंजनमध्ये पाठवलं की नंतर मिळालेली अस्त्रं काढून घेतली जातात. शेल्ट्रॉनशिवाय खेळणारा पॅलाडिन पांगळा वाटतो.

मग कोणी काय घ्यावं

याआधी कधीच टँक केलेलं नसेल तर मी फायनल फँटसी 14 सांगेन. त्याची मोफत आवृत्ती 70 व्या लेव्हलपर्यंत, वेळेच्या मर्यादेविना खेळता येते, आणि तोवर हॅलोड ग्राउंड, डिव्हाइन व्हेल, पॅसेज ऑफ आर्म्स हे सगळं हातात आलेलं असतं. वॉरक्राफ्टची मोफत आवृत्ती 20 व्या लेव्हलला थांबते, आणि तेवढ्यात प्रोटेक्शन पॅलाडिनची खरी ओळख होत नाही.

तीन-चार पक्के मित्र सोबत असतील आणि रोज डंजनं करायची असतील तर वॉरक्राफ्ट घ्या. ओळखीच्या गटात त्या सगळ्या ब्लेसिंग्जचं चीज होतं. कोण कधी अडचणीत येतो हे तुम्हाला सवयीने कळायला लागतं. ज्यांना एकच अवघड बॉस आठवडाभर घोटून पाठ करण्यात आनंद वाटतो त्यांनी मात्र मित्र कुठेही असोत, फायनल फँटसीच घ्यावी.

लोकांसमोर चुकायची भीती असेल तर दोन्हीकडे सोय आहे. फायनल फँटसीत ड्युटी सपोर्ट आणि वॉरक्राफ्टमध्ये फॉलोअर डंजन, दोन्हींत बाकीची पात्रं संगणकच चालवतो. वॉरक्राफ्टमध्ये तिथे उतरण्याआधी ले ऑन हँड्स आणि ब्लेसिंग ऑफ प्रोटेक्शन माउसओव्हरवर लावून घ्या, म्हणजे गटाच्या यादीतल्या नावावर माउस नेऊन बटण दाबलं की काम झालं. फायनल फँटसीत इंटरव्हेन्शन आणि कव्हरसाठी पार्टी लिस्टमधला माणूस कळफलकावरून निवडायची सवय पहिल्याच डंजनपासून लावा.