मानेवरचे फोड आणि सेफ्टी रेझर: बऱ्याच महिन्यांच्या वापरानंतर

म्यूले कंपनीचा आर८९ हा जर्मन रेझर गेल्या पावसाळ्यापासून रोजच्या वापरात आहे. तीन भागांचा, बंद कंगव्याचा (म्हणजे ब्लेडखाली दात्यांऐवजी सलग पट्टी असलेला), दुधारी ब्लेड घेणारा. दाढी किती गुळगुळीत होते याबद्दल इथे फारसं लिहिलेलं नाही. विषय आहे मानेवर उठणारे लाल फोड, आत वळणारे केस आणि दुपारपर्यंत न शमणारी आग. या तिन्हींत चांगलाच फरक पडला. मात्र त्याचं निम्मं श्रेय रेझरला आणि निम्मं दाढी करायची पद्धत बदलण्याला.

आधी फोड का येतात ते बघू. कुरळा किंवा त्वचेला चिकटून आडवा उगवणारा केस कापला गेला की त्याला अणकुचीदार टोक येतं. वाढताना तो बाहेर येऊन वळतो आणि शेजारच्या त्वचेत घुसतो. त्वचेच्या पातळीखाली कापला गेला असेल, तर बाहेर न पडता आतल्या आतच बाजूला शिरतो. शरीर त्याला रुतलेल्या काट्यासारखं वागवतं: सूज, लाली, कधी पू. तीन-चार पात्यांच्या कार्ट्रिजमध्ये पहिलं पातं केस किंचित ओढतं आणि तो मागे जायच्या आत त्यामागच्या पात्याखाली सापडतो. मग उरलेला खुंट त्वचेखाली सरकतो. एका पात्यात ही ओढाताण कमी. पण कातडी ताणून उलटा हात मारला, म्हणजे केस वाढतात त्याच्या विरुद्ध दिशेने रेझर ओढला, तर एकटं पातंही तेच करून ठेवतं. रेझर बदलूनही फोड जात नाहीत असं म्हणणाऱ्यांनी ब्लेडला दोष देण्याआधी मानेवरचा उलटा हात बंद करून बघावा.

मानेवर केस कुठल्या दिशेने वाढतात हे बहुतेकांनी कधी तपासलेलंच नसतं. गालावर ते साधारण खाली जातात. मानेवर कंठमण्याच्या वर खाली, त्याखाली बऱ्याचदा वर, जबड्याच्या कोपऱ्याखाली आडवे, आणि एखाद्या ठिकाणी चक्क भोवरा. सवयीने वरून खाली रेझर ओढणारा माणूस मानेचा खालचा भाग नकळत रोज उलटा करत असतो, आणि फोड नेमके तिथेच असतात. दोन दिवसांच्या खुंटांवर एटीएम कार्डाची कड चारी दिशांनी हलकेच फिरवा. जिकडे सरकते ती सुलट दिशा, जिकडे अडते ती उलट. डावी आणि उजवी बाजू वेगवेगळी तपासा, त्या सारख्या निघतीलच असं नाही.

त्यानंतर फेऱ्या ठरवायच्या. पहिली सगळीकडे सुलट. पुन्हा फेस लावून दुसरी आडवी, तीही फक्त गाल आणि हनुवटीवर. मानेवर दुसरी फेरी केलीच तर सुलटच. पहिले सहा आठवडे मानेवर उलटी फेरी नाही म्हणजे नाही. बोट फिरवल्यावर किंचित खरखर लागली पाहिजे. ती लागत नसेल तर तुम्ही खूप खोल कापताय. समारंभासाठी गुळगुळीत दाढी हवी असेल तर गाल करा, मान सोडा. फोटोत मानेची खरखर दिसत नाही, फोड दिसतात.

पाणी हा दुसरा मोठा मुद्दा. कोरडा केस चिवट असतो, दोन-तीन मिनिटं भिजला की बराच मऊ होतो आणि ब्लेड त्याला ओढत नाही. आंघोळीनंतर लगेच दाढी केली की हे आपोआप होतं. नाहीतर कोमट पाण्याचा टॉवेल मानेवर ठेवा. कढत पाणी नको, त्याने त्वचा आधीच लाल होते. क्रीम बदामाएवढी पुरते. ब्रश भिजवून झटकायचा, क्रीम घोळवायची आणि फेस होत असताना पाण्याचे थेंब घालत जायचं. बहुतेक जण पाणी कमी घालतात. फेस चमकदार, दाट आणि मोठे बुडबुडे नसलेला हवा. दोन बोटांत चोळल्यावर निसटता लागला म्हणजे जमला.

बोअरचं पाणी असेल तर हे सगळं करूनही फेस बसतो. पाण्यातलं कॅल्शियम आणि मॅग्नेशियम साबणाशी मिळून पांढरा चोथा करतं. तो वंगणाचं काम करत नाही, उलट त्वचेवर चिकटून राहतो. पुण्या-मुंबईत नळाचं पाणी वापरणाऱ्याला जी क्रीम आवडते, ती बोअरवाल्या सोसायटीत टाकाऊ वाटते ती यामुळे. फेसापुरतं अर्धा कप आरओचं पाणी घ्या आणि शेवटी चेहराही त्याच पाण्याने एकदा धुवा. क्रीम बदलण्याआधी हे करून बघाच.

रेझर जोडताना एक गोष्ट डोळ्यात तेल घालून बघावी. टोपी, ब्लेड, तळपट्टी, दांडा हा क्रम सोपा आहे, पण ब्लेड केसभर तिरकं बसलं की एका बाजूला धार जास्त बाहेर येते. मग एक बाजू खरवडते आणि दुसरी नुसती सरकते. उपाय असा: शेवटचा अर्धा आटा सैल ठेवायचा, टोपीची दोन आखूड टोकं चिमटीत दाबायची आणि मग आवळायचं. रेझर उजेडात डोळ्यांसमोर आडवा धरून दोन्हीकडची धारेची रेषा सारखी दिसते का बघायचं. दिसत नसेल तर पुन्हा. पिळून आवळू नका. असे बरेचसे रेझर जस्ताच्या मिश्रधातूचे असतात आणि अति आवळल्याने किंवा फरशीवर पडल्याने टोपीचा आट्याचा खिळा तुटू शकतो.

कोन समजून घ्यायला टोपी गालाला टेकवा, दांडा गालाशी काटकोनात धरा आणि हळूहळू खाली आणा. केस कापल्याचा आवाज सुरू झाला की थांबा. त्वचा आणि ब्लेड यांत साधारण 30 अंश राहतात. दाब अजिबात द्यायचा नाही, रेझरचं वजन पुरतं. दांडा टोकाकडे, दोन-तीन बोटांत धरला तर दाबायचा मोहच होत नाही. ओढ दोन-तीन सेंटीमीटरची. फेस निघालेल्या जागेवर 'राहिलंय वाटतं' म्हणून पुन्हा रेझर फिरवणं हे आग होण्याचं सगळ्यात मोठं कारण आहे, चुकीच्या ब्लेडपेक्षाही. बोटं निसरडी झाली तर ओल्या तुरटीवर टेकवा, पकड येते.

ब्लेडबद्दल दुसऱ्याचं मत एका मर्यादेपर्यंतच उपयोगी. मानेच्या त्रासासाठी अ‍ॅस्ट्रा सुपिरियर प्लॅटिनम किंवा सेव्हन ओ'क्लॉक सुपर प्लॅटिनमपासून सुरुवात करावी. जपानी फेदर फार धारदार आहे, हात बसेपर्यंत ते नको. पण बोथट ब्लेड सौम्य असतं हा समजही चुकीचा आहे, ते केस ओढतं आणि मग हात आपोआप दाबतो. तीन-चार दाढ्यांनंतर ब्लेड बदला. टॉवेलने पुसू नका, धार जाते. वापरलेली ब्लेडं झाकणाला चीर पाडलेल्या डब्यात साठवा, सुटी कचऱ्यात टाकली तर कचरा उचलणाऱ्याचा हात कापतो.

दाढीनंतर थंड पाणी, मग ओली तुरटी चेहऱ्यावर एकदा फिरवून अर्ध्या मिनिटाने धुऊन टाकायची. जिथे झोंबते तिथे आज जास्त खरवडलंय, हे तुरटी अचूक सांगते. ती धुतली नाही तर त्वचा कोरडी पडते. अल्कोहोलचं आफ्टरशेव्ह बंद करून बिनवासाचं साधं मॉइश्चरायझर लावा. आठवड्यातून दोन-तीन रात्री, शक्यतो दाढी नसलेल्या दिवशी, 2 टक्के सॅलिसिलिक अ‍ॅसिड लावल्याने मृत त्वचेखाली अडकलेल्या केसांना वाट मिळते. चिरलेल्या जागेवर ते लावू नये.

मान आधीच फोडांनी भरलेली असेल, तर नवा रेझर आणून लगेच सुरुवात करू नका. तीन-चार आठवडे दाढी बंद, फार तर ट्रिमरने एक मिलिमीटरवर ठेवायची. वाढता वाढता बरेच केस आपोआप सुटून बाहेर येतात. त्वचेवर केसाचं कडं दिसत असेल तर निर्जंतुक सुईने टोक फक्त उचलून मोकळं करा. चिमट्याने उपटला की नवा केस पुन्हा आतूनच वाट काढतो.

औषधाच्या दुकानातून 'सगळ्यावर चालणारं' स्टेरॉइडचं मलम आणून लावायची सवय आपल्याकडे फार आहे. चार दिवस लाली जाते, मग त्वचा पातळ होते, मुरमं उठतात आणि बुरशी असेल तर फोफावते. पू पसरत असेल, गोल खाजरे चट्टे असतील किंवा फोडाच्या जागी कडक गाठ राहत असेल, तर त्वचारोगतज्ज्ञांकडे जावं. ज्यांची जखम भरताना व्रण वाढत जातो किंवा दाढी फार घट्ट कुरळी आहे, त्यांना कुठलाही सेफ्टी रेझर सुचवणार नाही. त्यांच्यासाठी ट्रिमर बरा, आणि कायमचा उपाय हवा असेल तर डॉक्टरांच्या देखरेखीखाली लेझर.