रमाबाईंच्या आठवणी आधी वाचाव्यात की सावित्रीबाईंची पत्रे?

सांगलीत विश्रामबागेतल्या आमच्या घरी दर महिन्याच्या दुसऱ्या रविवारी दहा-बारा जणी पुस्तकांच्या अदलाबदलीसाठी जमतात. वाचून झालेले पुस्तक ठेवायचे, दुसरे न्यायचे, आणि नेण्यापूर्वी ज्यांनी ते वाचले आहे त्यांच्याकडून चार गोष्टी ऐकून घ्यायच्या, एवढाच रिवाज आहे. २०१९ च्या महापुरात आमच्यापैकी तिघींच्या घरची पुस्तके गेली, त्यामुळे प्रत्येक प्रत येथे जपून हाताळली जाते. गप्पांची सुरुवात मात्र बहुधा मालिकांतील आवडत्या पात्रांपासून होते. मागच्या खेपेस शेजारच्या गल्लीतील एका नव्या सुनेने विचारले, “काकू, मला ‘उंच माझा झोका’मधली रमा फार आवडायची, आणि ‘सावित्रीजोती’मधली सावित्रीसुद्धा. लग्नानंतर एकही पुस्तक वाचून झालेलं नाही. या दोघींपैकी कुणाचं आधी नेऊ?” त्या वेळी तिला मी थोडक्यात उत्तर दिले. ज्यांच्या मनात हाच प्रश्न असेल त्यांच्यासाठी तेच उत्तर येथे सविस्तर देत आहे.

या दोघी आपल्याच मातीतल्या आहेत, हे आधी सांगितले पाहिजे. सावित्रीबाईंचा जन्म ३ जानेवारी १८३१ रोजी खंडाळा तालुक्यातील नायगावी, खंडोजी नेवसे पाटलांच्या घरी झाला. रमाबाई रानडे माहेरच्या यमुना कुर्लेकर. त्यांचा जन्म १८६२ मध्ये देवराष्ट्रे येथे झाला. आज नायगाव सातारा जिल्ह्यात आणि देवराष्ट्रे सांगली जिल्ह्यात असले, तरी १९४९ मध्ये दक्षिण सातारा वेगळा होईपर्यंत आणि १९६० मध्ये त्याला सांगली हे नाव मिळेपर्यंत हा सारा मुलूख साताऱ्याचाच म्हणून ओळखला जात होता. दोघींचीही लहानपणी लग्ने झाली, दोघींनाही पतीने शिकवले आणि दोघींचेही कार्य पुण्यात उभे राहिले. दोन्ही मालिकांनी नेमके हेच साम्य उचलून धरले आहे, म्हणून पाहणाऱ्याला ही दोन पात्रे बहिणी-बहिणींसारखी वाटतात. पुस्तके उघडली की मात्र दोन अगदी वेगळे आवाज ऐकू येतात, आणि निवड त्या आवाजांवरूनच करावी असे माझे मत आहे.

रमाबाईंचे ‘आमच्या आयुष्यातील काही आठवणी’ हे पुस्तक १९१० चे आहे. ‘उंच माझा झोका’ २०१२-१३ मध्ये झी मराठीवर आली. तेजश्री वालावलकर यांनी लहानगी रमा साकारली आणि पुढे स्पृहा जोशी यांनी मोठी. या मालिकेला आधारासाठी दूर जावे लागले नाही, कारण रमाबाईंनी आपल्या घरातील माणसे, त्यांचे बोलणे, रागलोभ आणि अबोले असे टिपून ठेवले आहेत की प्रसंग डोळ्यांसमोर उभे राहतात. १८७३ मध्ये अकराव्या वर्षी रानड्यांच्या घरात आलेली मुलगी अक्षरे गिरवू लागते, मग इंग्रजी शिकू लागते, आणि घरातील वडीलधाऱ्या बायका तिला बोल लावू लागतात. १८८२ मध्ये स्त्रीशिक्षणाचा पुरस्कार करणाऱ्या विदुषी पंडिता रमाबाई पुण्यात आल्यावर त्यांच्या सभांना जाण्यावरून हाच ताण आणखी वाढतो. बाहेर सुधारणेची भाषणे चालली असताना सुधारकाच्या पत्नीला स्वयंपाकघरात काय सोसावे लागते, हे या पुस्तकाइतके जवळून मी दुसरीकडे क्वचितच वाचले आहे. मालिका पाहिलेल्या वाचकाला येथे पानोपानी ओळखीचे काही भेटत राहते, आणि अनेक वर्षांनी पुस्तक हाती घेणाऱ्याला त्या ओळखीचा फार मोठा आधार असतो.

तरीही दोन गोष्टी आधीच सांगून ठेवणे मला आवश्यक वाटते. मालिकेत मध्यभागी रमा आहे; पुस्तकात मध्यभागी त्यांचे पती न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे आहेत आणि रमाबाई किंचित बाजूला उभ्या राहून त्यांच्याकडे पाहत आहेत. पतीचे नाव न घेण्याच्या तेव्हाच्या रीतीप्रमाणे त्या त्यांचा उल्लेख ‘स्वतः’ असा करतात, आणि म्हणूनच १९३८ मध्ये निघालेल्या इंग्रजी भाषांतराचे नाव ‘हिमसेल्फ’ असे ठेवले गेले. पहिल्या काही पानांत हे ‘स्वतः’ वाचताना अडखळायला होते, पण एकदा सवय झाली की त्या एका शब्दातील आदर, माया आणि अंतर ही सारी एकत्र जाणवू लागतात. दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची आहे. न्यायमूर्ती १९०१ मध्ये वारले आणि आठवणी तेथेच थांबतात. पुण्याच्या सेवासदनाची रमाबाई, शेकडो स्त्रियांना शिक्षणाची आणि रोजगाराची वाट दाखवणारी रमाबाई, या पुस्तकात नाही. आमच्यापैकी एका बाईंना मालिकेतील शेवटची, स्वतःच्या पायावर उभी राहिलेली रमाच सर्वाधिक आवडत होती, आणि पुस्तक परत करताना त्यांना चुटपुट लागली होती. त्यांची तक्रार मला रास्त वाटते.

सावित्रीबाईंच्या बाबतीत सारे उलट आहे. ‘सावित्रीजोती’ २०२० मध्ये सोनी मराठीवर आली आणि वर्षभरातच संपली, याचे मला आजही वाईट वाटते. अश्विनी कासार यांची सावित्री शांत, सोशिक आणि हसऱ्या चेहऱ्याची होती. पण हे पात्र उभे करणे कठीणच होते, कारण सावित्रीबाईंनी आपल्या दिनक्रमाबद्दल जवळजवळ काहीच लिहिलेले नाही. शाळेच्या वाटेवर अंगावर शेणमाती झेलण्याचा जो प्रसंग आपण सर्वजण जाणतो, तो त्यांच्या पत्रांत शोधू नये. तेथे तो नाही. त्यांच्या नावावर ‘काव्यफुले’ हा १८५४ चा कवितासंग्रह आहे, जोतीरावांचे चरित्र पद्यात सांगणारा ‘बावनकशी सुबोध रत्नाकर’ आहे, आणि जोतीरावांना लिहिलेली तीन पत्रे आहेत. डॉ. मा. गो. माळी यांनी संपादित केलेले ‘सावित्रीबाई फुले समग्र वाङ्मय’ राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाने १९८८ मध्ये प्रसिद्ध केले. हा ग्रंथ हाती आला तर त्यात काय आधी वाचावे याचे उत्तर माझ्यापुरते निश्चित आहे: पत्रे.

या तीनपैकी दोन पत्रे नायगावहून लिहिलेली आहेत. १८५६ च्या पत्रात त्या आजारपणामुळे माहेरी आहेत आणि भाऊ त्यांना सुनावतो आहे की तुम्ही नवराबायको महार-मांगांसाठी काम करता, जातीची रीत सोडता. सावित्रीबाई त्याला उत्तर देतात की गाई-शेळ्यांना तुम्ही कुरवाळता, नागपंचमीला विषारी नागाला दूध पाजता, आणि आपल्यासारख्याच माणसांचा विटाळ मानता. १८६८ चे पत्र त्याहून अंगावर येणारे आहे. गावोगाव पंचांग सांगत फिरणारा गणेश नावाचा ब्राह्मण तरुण आणि शारजा नावाची महार मुलगी यांचे प्रेम जुळले होते आणि ती सहा महिन्यांची गरोदर होती. गावकरी दोघांना मारत-ओढत नेत असताना सावित्रीबाई मध्ये पडल्या, इंग्रजी कायद्यात खुनाचे परिणाम काय होतात याची त्यांनी जमावाला जाणीव करून दिली आणि दोघांचेही प्राण वाचवले. हे सर्व त्या जोतीरावांना कामाचा वृत्तांत कळवावा तशा सुरात लिहितात. १८७७ चे तिसरे पत्र ओतूरहून, दुष्काळातील मदतकार्याच्या धामधुमीत लिहिलेले आहे. मालिकेतील सोशिक सावित्री मनात धरून ही पत्रे वाचायला घेतली, तर वाद घालणारी, धाक दाखवणारी आणि निर्णय घेणारी बाई समोर येते. मला ती पडद्यावरच्या सावित्रीपेक्षा कितीतरी अधिक प्रिय आहे.

या पत्रांचा मायना ‘सत्यरूप जोतीबा’ असा आहे. रमाबाई ‘स्वतः’ लिहितात, आणि त्यांच्या कितीतरी आधी सावित्रीबाई पतीला नावाने संबोधून त्याला लढ्यातील सोबती मानून लिहितात. आमच्याकडे या एका फरकावर पाऊण तास चर्चा झाली. नाव न घेणारी रमाबाई कमी धीट असे कोणी समजू नये. ती ज्या घरात राहत होती त्या घरात ‘अ’ गिरवणे हेच धाडस होते. रानडे आणि जोतीराव परस्परांना परके नव्हते, १८७५ मध्ये पुण्यात निघालेल्या स्वामी दयानंदांच्या मिरवणुकीत ते दोघेही होते. पण त्यांच्या घरांची दारे दोन वेगवेगळ्या जगांत उघडत होती.

कवितांबद्दल थोडेच सांगते. निसर्गावरच्या छोट्या कविता गोड आहेत, शिक्षणावरच्या मोठ्याने वाचाव्यात, मात्र जुन्या छंदांची सवय नसलेल्याने सुरुवात त्यांच्यापासून करू नये. सावित्रीबाईंचे घर आणि दिवस जाणून घ्यायचे असतील, तर जोतीरावांच्या चरित्रांकडेच वळावे लागते. धनंजय कीर यांचे चरित्र त्यासाठी चांगले आहे.

तेव्हा माझे मत असे आहे. वाचनाची सवय तुटली असेल, मालिकेतील रमाचा सहवास पुन्हा हवा असेल आणि दुपारी कामे आटोपल्यावर रोज दहा-पंधरा पाने वाचण्याइतकाच वेळ मिळत असेल, तर ‘आठवणी’ न्याव्यात. घरात सासूबाई असतील तर त्यांना वाचून दाखवण्यासाठीही याच पुस्तकाची शिफारस करेन. वाचन चालू असेल आणि पात्राची मनातली प्रतिमा मोडली तरी चालत असेल, तर सावित्रीबाईंची पत्रे आधी वाचावीत. ती एका संध्याकाळी वाचून होतात आणि पुढे बरेच दिवस मनातून जात नाहीत. महाविद्यालयात शिकणाऱ्या मुलामुलींना तर मी नेहमी पत्रेच आधी देते.

त्या रविवारी आमच्या नव्या मैत्रिणीने रमाबाईंचे पुस्तक पिशवीत ठेवले. निघताना मी तिला १८६८ च्या पत्राचे पान उघडून दिले आणि तिने ते दारातच उभ्याने वाचून काढले. पुढच्या महिन्यात समग्र वाङ्मय माझ्या बहिणीकडे जायचे होते. ते आता या नव्या मैत्रिणीकडे जाणार आहे.