माशांची पहिली टाकी: स्पंज फिल्टर की पॉवर फिल्टर?

दुकानात नजर आधी माशांवर जाते, मग रंगीत खड्यांवर. फिल्टरचा नंबर शेवटी लागतो, तोही 'त्यातल्या त्यात स्वस्त द्या' म्हणून. खरेदीचा क्रम नेमका उलटा हवा.

टाकीचं पटकन मिटवू. गोल बाऊल नकोच. दीड फुटी टाकीत सुमारे ४० लिटर पाणी मावतं, दोन फुटीत (२४×१२×१२ इंच) ५५. जागा असेल तर दोन फुटीच घ्या. पाणी जास्त असलं की खाणं थोडं जास्त पडलं तरी निभावतं. मात्र भरलेली टाकी ७० किलोच्या आसपास जाते. टेबल भक्कम हवं आणि टाकीखाली थर्मोकोल.

आता फिल्टर. मासे पाण्यात अमोनिया सोडतात. त्याचं आधी नायट्राइट आणि मग बराच कमी घातक नायट्रेट करणारे जिवाणू फिल्टरच्या स्पंजात वस्ती करतात. हे काम दोन्ही फिल्टरांत होतं.

स्पंज फिल्टर एअर पंपावर चालतो. वीज नगण्य लागते, किंमत कमी, आणि गप्पीची पिल्लं आत ओढली जात नाहीत. वीज गेली तर त्याच नळीला बॅटरीवरचा पंप जोडता येतो; ज्यांच्याकडे वीज तासन् तास जाते त्यांनी एवढ्यावरच निर्णय घ्यावा. उणं म्हणजे पंपाची रात्रभर घरघर, आणि टाकीत दिसत राहणारा काळा ठोकळा. पंप पाण्याच्या पातळीपेक्षा वर ठेवा, नाहीतर वीज गेल्यावर पाणी नळीतून उलटं पंपात उतरतं.

पॉवर फिल्टर स्वतःच्या मोटरने पाणी खेचतो. तरंगती घाण झपाट्याने ओढतो, पाणी चकचकीत दिसतं, आवाजही कमी. पण छोट्या टाकीत त्याचा प्रवाह जोराचा वाटतो आणि लांब पंखांचा बेट्टा दमून जातो. गोल्डफिश भरपूर घाण करतात, त्यांना हा बरा. (खरं तर पहिल्या टाकीत गोल्डफिश घेऊच नयेत, पण घरातली मुलं ऐकत नाहीत.)

गप्पी किंवा बेट्टासाठी मी डोळे झाकून स्पंज फिल्टर सांगेन. कुठलाही घ्या, स्पंज नळाखाली धुवू नका. क्लोरीनने जिवाणू मरतात. टाकीतून काढलेल्या पाण्यातच पिळा. नळाचं पाणी टाकीत ओतण्याआधी अँटी-क्लोरीन घालायचंच.

हीटर गावावर ठरतो. मुंबईत, कोकण किनाऱ्यावर गप्पींना बहुधा लागत नाही. पुण्या-नाशकाच्या थंडीत थर्मोस्टॅटवाला ५० वॉटचा घ्या, आणि पाणी बदलताना आधी बंद करा. पाण्याबाहेर तापला की काच तडकते. साधा एलईडी दिवा सहा-आठ तास पुरे, जास्त लावलात तर शेवाळ माजतं.

मासे मात्र त्याच दिवशी आणू नका. जिवाणूंची वस्ती जमायला चार-सहा आठवडे लागतात, आणि तोवर रोज चिमूटभर खाणं टाकून रिकामी टाकी चालवावी लागते. ओळखीत कुणाची जुनी, निरोगी टाकी असेल तर तिच्या फिल्टरमधला स्पंजाचा तुकडा मागून आणा. ही वाट बरीच लवकर संपते.