'कडक ग्रेड' म्हणे!

संक्रांतीच्या पंधरा दिवस आधीची गोष्ट. आम्ही घरूनच तिळाची, शेंगदाण्याची चिक्की करून विकतो. हाताखाली चार बायका, म्हणून एका घाऊक दुकानातून सिलिकॉनचे दहा कालथे घेतले, नगाला 180 रुपये. दुकानदाराने काउंटरवरचा लाल नमुना पार दुमडून दाखवला. सोडल्याबरोबर टुणकन सरळ! घरी आलेला गठ्ठा मात्र ताठ निघाला. फोन केला तर म्हणतो, "ताई, सिलिकॉनच आहे, जरा कडक ग्रेड आलाय."

मी फसले ती इथे, कारण बोलणं अर्धं खरं होतं. सिलिकॉन रबर मऊ, कडक दोन्ही मिळतं. पण कितीही कडक असलं तरी रबरच ते, वाकवून सोडलं की जागेवर येणारच. माझ्या कालथ्याचं टोक वाकवलं तर घडीवर पांढरा वण उठला आणि टोक वाकडंच राहिलं. डोळ्यांनी बघितलं, तरी ऑर्डरच्या घाईत कानाडोळा केला.

पहिलाच घाणा. चिक्कीचा पाक 150 अंशांच्या आसपास जातो, कढईचा तळ त्याहून तापलेला. तळ खरवडून कालथा उचलला तर कडेला लाल तार लोंबत होती. पाकाची नव्हे, कालथ्याची! दोन किलो चिक्की कचऱ्यात.

भाऊ मोल्डिंगच्या कारखान्यात आहे. त्याने एक तुकडा पाण्यात टाकला, तो तरंगला. "पॉलिप्रॉपिलीन. डब्यांचं प्लास्टिक. 160-165 ला वितळतं, मऊ त्याआधीच पडतं." सिलिकॉन पाण्यात बुडतं. पण नायलॉनही बुडतं, तेव्हा नुसत्या पाण्यावर विसंबू नका. मग त्याने अंगणात दुसरा तुकडा चिमट्यात धरून पेटवला. मेणबत्तीसारखा वास, आणि थेंब टपटप खाली. सिलिकॉन एकदा पक्कं झालं की परत वितळत नाही, 200 अंशही आरामात सोसतं. पेटवलंच तर थेंब न गळता पांढरी राख उरते.

कालथे घेऊन दुकानात गेले. "वापरलेला माल परत नाही." आठ तर कोरेच होते! मग त्याने बिल मागितलं. मी काढून दिलं आणि तेव्हाच पहिल्यांदा नीट वाचलं: 'किचन आयटम, 10 नग'. सिलिकॉन हा शब्द त्यावर कुठेच नव्हता.