दुकानात रोख की कार्ड: दिवाळी ते आखाजी वापरानंतरचा अनुभव

गेल्या दिवाळीपासून आखाजीपर्यंत (अक्षय्य तृतीयेपर्यंत), म्हणजे कापसाचा एक हंगाम आणि एक लग्नसराई, घरच्या खरेदीत जिथे चालेल तिथे मी कार्डच वापरले. एक राष्ट्रीयीकृत बँकेचे रुपे डेबिट कार्ड आणि दुसरे क्रेडिट कार्ड. राहणे अमळनेरला, शेती जवळच्या खेड्यात आणि मोठी खरेदी जळगावला किंवा धुळ्याला असल्यामुळे खेड्यातले, तालुक्याचे आणि जिल्ह्याचे अशी तिन्ही प्रकारची दुकाने पाहता आली. किरकोळ खर्चाचा विचार इथे केलेला नाही. ती जागा क्यूआर कोडने केव्हाच घेतली असून भाजीवालीच्या पाटीलाही आता तो बांधलेला असतो. हजार-दोन हजारांच्या पुढच्या खरेदीबद्दल मात्र माझे मत असे झाले आहे की दुकानदार ‘रोख देणार की कार्ड?’ असे विचारतो, तेव्हा बहुतेक वेळा तो ‘कच्ची चिठ्ठी चालेल की पक्के बिल हवे?’ हेच विचारत असतो.

जळगावला फ्रीज घेताना हे स्पष्ट दिसले. दुकानदाराने आपल्या व्हिजिटिंग कार्डाच्या मागे एकाखाली एक दोन आकडे लिहिले, वरच्यापुढे ‘रोख’ आणि खालच्यापुढे ‘मशीन’. दोन्हींतला फरक कार्डाच्या शुल्काहून कितीतरी जास्त होता, आणि तो का, हे समजायला हिशेबनीस लागत नाही. फ्रीजवर 18 टक्के जीएसटी आहे आणि वरच्या आकड्यात बिल नव्हते. रोखीची सूट म्हणून जे मिळते ते पुष्कळदा बिलाचीच किंमत असते. मी खालचा आकडा दिला आणि बिलावर फ्रीजचा अनुक्रमांक लिहून घेतला, कारण वॉरंटीच्या वेळी कंपनीचा माणूस पहिल्यांदा तेच मागतो. मशीनमधून निघणाऱ्या चिठ्ठीवर मात्र विसंबू नये. तो थर्मल कागद असतो आणि आमच्याकडच्या उन्हाळ्यात त्यावरची अक्षरे पाहता पाहता पुसट होतात. चिठ्ठी हातात पडताच तिचा फोटो काढून ठेवणे बरे.

‘कार्डावर दोन टक्के वर लागतील’ हे वाक्य मी कापडाच्या दुकानात ऐकले, हार्डवेअरच्या दुकानात ऐकले आणि मोबाइलच्या दुकानात तर भिंतीवर चिकटवलेले वाचले. यात थोडे खरे आहे, बरेचसे नाही. क्रेडिट कार्डावर दुकानदाराला बँकेकडे दोन टक्क्यांच्या आसपास शुल्क भरावे लागते, हे खरे. पण रुपे डेबिट कार्ड आणि यूपीआय यांच्यावरचे व्यापारी शुल्क 1 जानेवारी 2020 पासून शून्य आहे. इतर डेबिट कार्डांसाठी रिझर्व्ह बँकेने 2018 पासून कमाल मर्यादा ठरवून दिली: वर्षाला वीस लाखांपर्यंत उलाढाल असलेल्या दुकानदाराला 0.40 टक्के आणि त्याहून मोठ्याला 0.90 टक्के. शिवाय डेबिट कार्डाचे शुल्क ग्राहकाच्या माथी मारू नये, हेही त्याच आदेशात आहे. मी वाद घातला नाही. ‘ते दोन टक्के बिलावर वेगळे लिहून द्या,’ एवढेच म्हणायचो. हार्डवेअरवाल्याने लगेच माघार घेतली, कापडवाल्याने थोडा विचार करून घेतली; मोबाइलवाला मात्र हटला नाही, म्हणून तिथून काही घेतले नाही.

तालुक्याच्या गावात कार्डाची खरी अडचण शुल्काची नसून मशीनची आहे. एक तर ते काउंटरच्या खालच्या खणात असते, त्याचे चार्जिंग उतरलेले असते, आणि सुरू झाले तरी रेंज मिळावी म्हणून दुकानातला मुलगा ते हातात धरून ओट्यावर जाऊन उभा राहतो. मग तिथूनच मोठ्याने विचारतो, ‘काका, पिन सांगा!’ चार गिऱ्हाइके बसलेली असताना पिन सांगायचा नसतो, हे त्याला कोणी शिकवलेले नसते आणि त्याचा हेतूही वाईट नसतो. पण आमच्या पिढीतली कितीतरी माणसे खरोखरच तो सांगून टाकतात. आपण उठून ओट्यावर जावे आणि बटणे स्वतः दाबावीत. नुसते टेकवून पैसे देण्याच्या सोयीत पाच हजारांपर्यंत पिन लागतच नाही. मी बँकेच्या ॲपमधून ही मर्यादा बरीच खाली आणून ठेवली आणि परदेशातील व्यवहार बंद ठेवले. ही चालू-बंद करण्याची सोय बँकांनी ग्राहकाला द्यावी, असा रिझर्व्ह बँकेचा आदेश 2020 पासून आहे, तरी ती वापरणारे मला फारसे भेटले नाहीत.

धुळ्याला एका औषधाच्या दुकानात मशीनने व्यवहार नाकारल्याचे दाखवले आणि त्याच क्षणी माझ्या मोबाइलवर पैसे कापले गेल्याचा संदेश आला. दुकानदार म्हणाला की त्याच्याकडे जमा नाहीत, आणि त्याचेही चुकीचे नव्हते. शेवटी रोख देऊन औषधे घेतली. अशा व्यवहारात व्यवहाराच्या दिवसानंतर पाच दिवसांच्या आत पैसे आपोआप परत यायला हवेत, आणि उशीर झाला तर दर दिवसाला शंभर रुपये भरपाई बँकेने द्यायची, असा 2019 चा नियम आहे. माझे पैसे मुदतीत परत आले. परंतु घरात आजारी माणूस असताना पाच दिवस ही लहान मुदत नव्हे, म्हणून दवाखाना आणि औषधे यांसाठी खिशात रोख असलीच पाहिजे, या मतावर मी आता ठाम आहे.

लग्नाचे सोने जळगावच्या सराफ बाजारात घेतले आणि तिथे कार्डाने सर्वांत चांगले काम केले. एका व्यवहारात दोन लाख किंवा त्याहून जास्त रोख स्वीकारायला 2017 पासून आयकर कायद्याने मनाई आहे आणि दंड घेणाऱ्याला होतो, तोही तेवढ्याच रकमेचा. त्यामुळे मोठे सराफ स्वतःच रोख मोजायला नाखूश असतात. नोटांची थैली सांभाळत एसटीने जाण्याची धास्ती वाचली, ती वेगळीच. मात्र डेबिट कार्डाची दिवसाची खरेदी-मर्यादा आदल्या दिवशीच वाढवून घ्यावी, नाहीतर घडणावळीची घासाघीस संपल्यावर सगळ्या पाहुण्यांसमोर मशीन नकार देते.

आता रोखीची बाजू. एटीएममधून पाचशेच्या नोटा निघतात आणि आठवडे बाजारात पाचशेची नोट काढली की समोरच्याचा चेहरा पडतो. एटीएममधून शंभर-दोनशेच्या नोटाही मिळाव्यात म्हणून रिझर्व्ह बँकेने एप्रिल 2025 मध्ये बँकांना सांगितले आहे, पण गरजेच्या वेळी मला अजून तरी पाचशेच मिळतात. तरीही खेड्यात रोख हटत नाही, याचे कारण अडाणीपणा हे मुळीच नव्हे. सीसीआयच्या, म्हणजे भारतीय कापूस महामंडळाच्या, केंद्रावर कापूस घातला की पैसे बँक खात्यात येतात. खेडा खरेदीचा व्यापारी दारात काटा लावतो आणि जागेवर नोटा मोजतो. ज्या घरात पैसा नोटांनी येतो, त्या घरातून तो नोटांनीच जाणार. शिवाय किराणा दुकानदाराची उधारीची वही आहे. कापूस विकेपर्यंत थांबणारा तो दुकानदार व्याज लावत नाही आणि कुठल्याही क्रेडिट कार्डाची मुदत इतकी लांब नसते. आमच्या सालदाराला, म्हणजे वर्षाच्या बोलीवर ठेवलेल्या शेतगड्याला, मी एकदा कार्डाने पैसे देऊन दाखवले, तेव्हा त्याने माझ्याकडे न बघता दुकानदाराला अहिराणीत विचारले, ‘पैसा उनात का?’ (पैसे आले का?)

कृषी सेवा केंद्रात एक गंमत आहे. तिथे काउंटरवर मशीन असते आणि ते रोज चालते, पण ते पैशांचे नसते. अनुदानित खताच्या विक्रीची नोंद आधारवर करण्यासाठी शेतकऱ्याचा अंगठा त्यावर घेतात आणि पैसे मात्र गल्ल्यात रोख जातात. यंदा मी तिथे कार्ड पुढे केले तेव्हा ‘हे मशीन त्याचे नाही’ असे उत्तर मिळाले, म्हणून बियाणे आणि खते रोखीनेच घेतली. बिल मात्र वाणाचे नाव आणि लॉट क्रमांक लिहूनच घेतले, आणि ते पिशवी व टॅगसह कापूस घरात येईपर्यंत जपून ठेवणार आहे. बियाणे उगवले नाही तर कृषी विभागाकडे तक्रार करताना याच वस्तू मागतात, आणि पैसे कसे दिले होते हे तिथे कोणी विचारत नाही.