‘कॉम्प्रेसर बंदच होत नाही, गॅस संपलाय’: सोलापुरात एसीच्या नावाने होणारी लूट

सोलापुरात पारा चाळिशीपार गेला की एसी दुरुस्तीवाल्यांना उसंत नसते. त्या गर्दीत काही जण एकाच वाक्यावर धंदा करतात: “कॉम्प्रेसर बंदच होत नाही, म्हणजे गॅस संपलाय.” दोन-अडीच हजार जातात आणि एसी होता तसाच राहतो.

मुळात भर दुपारी कॉम्प्रेसर (बाहेरच्या युनिटमधला, गॅस दाबून फिरवणारा भाग) बंद होईल ही अपेक्षाच चुकीची आहे. एसीची क्षमता मोजतात ती बाहेर ३५ अंश धरून. बाहेर ४२ झालं की तोच दीड टनाचा एसी कमी थंडावा देतो, त्यात वरच्या मजल्याचा तापलेला स्लॅब रात्रीपर्यंत उष्णता सोडत राहतो. अशा खोलीत एसी दुपारभर सलग चालला तर त्यात बिघाड नाही. इन्व्हर्टर एसी तर खोली गार झाल्यावरही बहुधा थांबत नाही, वेग कमी करून चालतो. इन्व्हर्टर नसलेला एसी रात्री २४ वर ठेवला तर अधूनमधून थांबायला हवा. खरी काळजी दर तीन-चार मिनिटांनी चालू-बंद होणाऱ्या कॉम्प्रेसरची करा.

आता हातचलाखी. बाहेरच्या युनिटला गॅसचा दाब मोजणारं गेज लावतात आणि बारीक पाइपाचा व्हॉल्व्ह ॲलन कीने हळूच आवळतात. गॅस मागे अडतो, काटा घसरतो, ग्राहक घाबरतो. मग सिलिंडर जोडायचा, व्हॉल्व्ह उघडायचा, काटा वर! दुसरा प्रकार गेजच्या आकड्याचा. एसीत वेगवेगळ्या प्रकारचे गॅस असतात. चालू एसीत आर-२२ या जुन्या गॅसचा दाब साधारण ६० ते ७० पीएसआय (दाबाचं एकक) असतो, आर-३२ या नव्या गॅसचा ११० ते १४०. जुन्या आर-२२ एसीवर ६५ दाखवून, तो आर-३२ च्या आकड्याशी ताडून “निम्माच गॅस उरलाय” म्हणणारे आहेत. त्यावर खरंच जास्त गॅस भरला तर उन्हात दाब वाढून कॉम्प्रेसर तापतो आणि ट्रिप होतो, म्हणजे आपोआप बंद पडतो, थोडक्यात पैसे देऊन बिघाड विकत घेतला.

एसीतला गॅस वापरून संपत नाही. कमी झाला तर कुठेतरी गळतोय, त्यामुळे ‘दरवर्षी गॅस भरा’ हे साफ खोटं. नीट काम करणारा आधी जोडांवर तेलाचे डाग बघतो, नायट्रोजन भरून साबणाच्या पाण्याने गळती शोधतो, ती बंद करतो, आतली हवा काढायला व्हॅक्युम पंप लावतो आणि युनिटच्या पट्टीवर लिहिलेले ग्रॅम वजनकाट्यावर मोजून गॅस भरतो. वजनकाटा नसेल त्याला हात लावू देऊ नका.

बोलावण्याआधी घरीच तपासा. फिल्टर धुवा, दारं-खिडक्या लावा, १८ अंश आणि पंखा जोरात ठेवून वीस मिनिटं चालवा. आत जाणाऱ्या आणि बाहेर येणाऱ्या हवेत ८ ते १२ अंशांचा फरक असेल तर गॅस भरायची गरज नाही. फरक कमी असेल तर बाहेरच्या युनिटची जाळी बघा. पूर्व भागात यंत्रमागाजवळच्या घरांत सुताचा कोंडा फिल्टरवर लवकर बसतो. त्याने आतल्या कॉइलवर बर्फही धरतो, आणि तोच बर्फ दाखवून गॅस विकतात.

वीज येऊन-जाऊन झाली की बऱ्याच एसींचा कॉम्प्रेसर सुमारे तीन मिनिटं मुद्दाम सुरू होत नाही, ती त्याची सुरक्षा असते. तेवढ्यात “कपॅसिटर (कॉम्प्रेसर सुरू व्हायला मदत करणारा भाग) गेला” म्हणतात. मीटरवर त्याचे मायक्रोफॅरड (कपॅसिटरच्या क्षमतेचं एकक) मोजून दाखवायला सांगा, जुना भाग स्वतःकडे ठेवा.

बिलावर गॅसचा प्रकार, ग्रॅम आणि तारीख लिहून घ्या. फसवणूक झालीच तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार करा. जिल्हा ग्राहक आयोगात पाच लाखांपर्यंतच्या प्रकरणाला शुल्क लागत नाही.